लखनौच्या आमदाराचं मत दोनशे आठ का?



मागच्या भागात आपण राज्यसभेबद्दल बोललो. आज तिथून एक पाऊल पुढे, थेट राष्ट्रपती भवनापर्यंत. पण दिल्लीला जाण्याआधी मी तुम्हाला लखनौला नेणार आहे.

लखनौच्या विधान भवनाचं बांधकाम १९२८ साली पूर्ण झालं. मिर्झापूरकडचा फिकट वालुकाश्म, मधोमध मोठा घुमट. आत एक दालन आहे, त्याचं नाव टिळक हॉल. आपल्या लोकमान्यांचं नाव. राष्ट्रपतीपदाची निवडणूक आली की उत्तर प्रदेशाचे आमदार या टिळक हॉलमध्ये मतदानाला येतात. आमदाराच्या हातात गुलाबी मतपत्रिका ठेवतात, खासदाराला हिरवी. तिच्यावर कुठल्याही पक्षाचं चिन्ह नसतं, फक्त नावं. शिक्का मारायचा नाही, नावासमोर आकडा लिहायचा: पहिल्या पसंतीला १, दुसरीला २. आकडा देवनागरीत लिहिला तरी चालतो, पण 'एक' असं अक्षरी लिहिलं की मत बाद. पेन स्वतःचं वापरायचं नाही, निवडणूक आयोग देईल तेच.

आणि त्या एका गुलाबी कागदाची किंमत २०८.

महाराष्ट्रातल्या आमदाराच्या कागदाची किंमत १७५. गोव्याच्या आमदाराची २०. सिक्कीमच्या आमदाराची ७. आता हा हिशेब जरा करून बघा. लखनौ जिल्ह्यात विधानसभेच्या नऊ जागा आहेत. नऊ गुणिले २०८ म्हणजे १,८७२. अख्ख्या गोव्याची विधानसभा, चाळीस आमदार, प्रत्येकी २०, म्हणजे ८००. एकट्या लखनौ जिल्ह्याचं वजन पूर्ण गोवा राज्याच्या दुपटीहून जास्त. पणजीत किंवा फोंड्यात बसून हे ऐकणाऱ्यांना थोडं बोचलं असेल. बोचू द्या, कारण या हिशेबामागे एक कारण आहे, आणि त्या कारणात एक खोटही आहे. दोन्ही बघू.

आधी कारण. १९४७ च्या जुलैत संविधान सभेत प्रश्न आला, राष्ट्रपती निवडायचा कोणी? एक सरळ उत्तर होतं: सगळ्या जनतेनं. मुंबईचे अर्थतज्ज्ञ के. टी. शाह शेवटपर्यंत या बाजूचे होते. पण नेहरूंचं म्हणणं असं की आपण सत्ता मंत्रिमंडळाकडे ठेवतोय. कोट्यवधी लोकांनी थेट निवडलेला माणूस आणायचा आणि त्याला अधिकार काहीच द्यायचे नाहीत, हे विचित्र होईल. तो उद्या पंतप्रधानांना विचारेल, तुम्हाला किती मतं पडली, मला बघा किती पडली. मग फक्त संसदेनं निवडायचा का? तेही नको, कारण संसदेत ज्याचं बहुमत तो आपला माणूस बसवेल. बाबासाहेबांनी शाह यांच्या दुरुस्तीला उत्तर देताना आणखी व्यवहाराची गोष्ट सांगितली: एवढ्या प्रचंड मतदारसंख्येची निवडणूक, त्यासाठी लागणारी माणसं आणि यंत्रणा, आणि हे सगळं नामधारी प्रमुखासाठी!

म्हणून मधला मार्ग निघाला. संसदेचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून एक निर्वाचक मंडळ. विधान परिषदेचे आमदार त्यात नाहीत. लखनौच्या त्याच इमारतीत बसणाऱ्या परिषदेच्या शंभर सदस्यांना हे मत नाही, आपल्या ७८ जणांनाही नाही. आणि दोन अटी. राज्याराज्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वजन, आणि सगळी राज्यं मिळून जेवढं वजन, तेवढंच संसदेचं. तराजूच्या एका पारड्यात दिल्ली, दुसऱ्यात राज्यं.

रीत सोपी आहे. राज्याची लोकसंख्या घ्या, आमदारांच्या संख्येनं भागा, मग हजारानं भागा. उत्तर प्रदेशाचे ८ कोटी ३८ लाख भागिले ४०३, आले २०८. महाराष्ट्राचे ५ कोटी ४ लाख भागिले २८८, आले १७५. सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करून ती निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येनं भागली की खासदाराच्या मताचं मूल्य निघतं. २०२२ साली ते ७०० होतं. त्याआधी ७०८ होतं. फरक का पडला? कारण जम्मू-काश्मीरला तेव्हा विधानसभाच नव्हती. तिथल्या लोकांचं वजन त्या वर्षी आमदारांच्या पारड्यातून नाहीसं झालं आणि निवडणूक तशीच पार पडली.

तुमच्यापैकी काहींच्या मनात एव्हाना आलं असेल की उत्तर प्रदेशाची लोकसंख्या ८ कोटी कुठे? ती तर २० कोटींच्या घरात. बरोबर. त्या खोटीकडे येतोच, पण आधी एक गोष्ट सांगायची आहे, कारण ही व्यवस्था एकदाच खरी कसोटीला लागली. साल १९६९. आणि त्या निवडणुकीचा निकाल ज्या कागदांवर लागला, त्यांच्यावर पहिलं नाव एका मराठी माणसाचं होतं.

३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकीर हुसेन पदावर असताना वारले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. काँग्रेसमध्ये तेव्हा इंदिरा गांधी एका बाजूला आणि जुने नेते, ज्यांना सिंडिकेट म्हणत, ते दुसऱ्या बाजूला. जुलैत बंगळूरला पक्षाच्या संसदीय मंडळात मतदान झालं. इंदिराजींना जगजीवन राम हवे होते. मंडळानं चार विरुद्ध दोन मतांनी नीलम संजीव रेड्डींचं नाव ठरवलं. त्या चारात दोन महाराष्ट्राचे होते, मुंबईचे स. का. पाटील आणि आपले यशवंतराव चव्हाण. यशवंतराव पुढे इंदिराजींबरोबर गेले, पण त्या दिवशी त्यांचं मत रेड्डींना होतं.

मग घटना भराभर घडल्या. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला, त्यावर सही हंगामी राष्ट्रपती गिरींची. दुसऱ्याच दिवशी गिरींनी राजीनामा दिला आणि अपक्ष म्हणून उभे राहिले. रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर इंदिराजींची सही होती, आणि शेवटी त्याच इंदिराजींनी आमदार-खासदारांना सांगितलं, आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे मत द्या. ज्याला जे समजायचं ते तो समजला.

तिसरे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नात्याचे. आयसीएस. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मग नेहरूंचे अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे. आमच्या पिढीच्या घरांत 'सी. डी.' एवढं म्हटलं की पुरे असायचं. त्यांना उभं केलं स्वतंत्र पक्ष आणि जनसंघानं. गंमत बघा. हे दोन्ही पक्ष राष्ट्रीयीकरणाच्या विरोधातले. आणि त्यांचा उमेदवार कोण? ज्याच्या कारकिर्दीत रिझर्व्ह बँक सरकारी झाली, ज्यानं अर्थमंत्री असताना इम्पीरियल बँकेची स्टेट बँक केली आणि आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेतला, तो माणूस. राजकारणात उमेदवार असाही निवडला जातो.

लखनौत तेव्हा चंद्रभानु गुप्त मुख्यमंत्री होते. काँग्रेसचेच, पण इंदिराजींशी न जमणारे. उत्तर प्रदेशाच्या विधानसभेत ४२५ जागा, आणि १९६१ च्या जनगणनेप्रमाणे प्रत्येक आमदाराचं मत १७४. पंतप्रधान स्वतः रायबरेलीच्या खासदार, म्हणजे लखनौच्या शेजारच्या. काँग्रेसचे आमदार एका बाजूला मुख्यमंत्री आणि दुसऱ्या बाजूला पंतप्रधान अशा कात्रीत. मतदान गुप्त, पक्षादेश लागू नाही. कोणी काय लिहिलं हे आजही कोणाला ठाऊक नाही, आणि ही या पद्धतीची चांगली बाजू आहे असं मी मानतो.

१६ ऑगस्टला मतदान, २० ऑगस्टला मोजणी. आता आकडे नीट ऐका, कागदावर घेतलेत तरी चालेल. पहिल्या पसंतीची मतं: गिरी ४,०१,५१५. रेड्डी ३,१३,५४८. देशमुख १,१२,७६९. विजयासाठी हवी होती निम्म्याहून एक जास्त, म्हणजे ४,१८,१६९. कोणाकडेच नाहीत. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत असं आजवर त्या एकदाच झालं.

मग नियमाप्रमाणे शेवटून एकेक उमेदवार बाद करत त्यांच्या कागदांवरची पुढची पसंती मोजायला सुरुवात झाली. बाद होणाऱ्या छोट्या उमेदवारांत आणखी एक मराठी नाव होतं, दलित चळवळीतले आणि माजी खासदार पां. ना. राजभोज, ८३१ मतं. अशी सगळी छोटी मतं आणि शेवटी देशमुखांची मतं वाटली गेली. मिळून १,२१,२७४. त्यातली ९१,८७९ रेड्डींकडे गेली. गिरींकडे १८,५६२. उरलेल्या १०,८३३ मतांवर कामाची दुसरी पसंतीच नव्हती. अंतिम आकडे: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

पुष्कळ ठिकाणी असं सांगितलं जातं की देशमुखांच्या मतांनी गिरी निवडून आले. अर्धवट खरं आहे. देशमुखांची बहुतेक मतं रेड्डींकडेच गेली, शंभरातली पाऊणशे तरी. ती सगळी गेली नाहीत, म्हणून रेड्डी हरले. ज्यांनी दुसरी पसंती लिहिलीच नाही, त्या सगळ्यांनी रेड्डींचं नाव लिहिलं असतं तरी ते ४,१६,२६० वरच थांबले असते. निकाल लागला तो चिंतामणरावांना पहिली आणि गिरींना दुसरी पसंती देणाऱ्या मूठभर लोकांमुळे. दोघांतला फरक १४,६५० चा. म्हणजे ७,३२६ मतं इकडची तिकडे झाली असती तर निकाल उलटा. लखनौच्या भाषेत सांगायचं तर १७४ च्या दरानं ४३ आमदार. सव्वाचारशेतले ४३. एवढ्या माणसांनी पेन वेगळं चालवलं असतं तर नोव्हेंबरातली काँग्रेसची फूट कशी झाली असती, बँकांचं पुढे काय झालं असतं, १९७१ ची निवडणूक कशी गेली असती? मला जर-तरच्या इतिहासाची आवड नाही. पण हा आकडा पाहिला की मी दरवेळी थबकतो.

रेड्डी नंतर १९७७ साली बिनविरोध राष्ट्रपती झाले. गिरींच्या निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, गिरी पदावर असताना साक्षीला न्यायालयात हजर राहिले, आणि याचिका फेटाळली गेली. लखनौत चंद्रभानु गुप्तांचं सरकार फेब्रुवारी १९७० मध्ये गेलं. चिंतामणराव पुन्हा निवडणुकीच्या वाटेला गेले नाहीत.

१९६९ मध्ये कोण जिंकणार हे मोजणीपर्यंत कळत नव्हतं, ही या पद्धतीची एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा, जी आपण जास्त वेळा पाहिली, ती २००७ ची.

त्या वर्षी एप्रिल-मे महिन्यात उत्तर प्रदेशात विधानसभेची निवडणूक झाली. लोकांनी मतं दिली ती गुंडगिरी, वीज, रस्ते, जातींची नवी जुळणी यांवर. मायावतींच्या बहुजन समाज पक्षाला २०६ जागा मिळाल्या, स्वबळावर बहुमत. राष्ट्रपतीपदाचा विषय कुठल्याही सभेत आला नसेल. आणि दोन महिन्यांनी, जुलैत, त्याच आमदारांनी राष्ट्रपती निवडला. मायावतींनी प्रतिभाताई पाटलांना पाठिंबा दिला. २०६ गुणिले २०८ म्हणजे ४२,८४८. उत्तर प्रदेशाच्या विधानसभेचं एकूण वजन ८३,८२४, त्याच्या निम्म्याहून जास्त. पण बसपला राज्यात पडलेली मतं किती टक्के होती? तीस. तीस टक्के मतांवर राज्याच्या आमदारांच्या वजनातला निम्म्याहून मोठा वाटा.

मला या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष हा वाटतो, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. सूत्र काय सांगतं? आमदाराच्या मताचं वजन म्हणजे त्याच्या मागच्या लोकांचं वजन. पण त्या २०८ मध्ये त्याला मत देणारेही मोजलेले आहेत आणि त्याच्या विरोधात मत देणारेही. पडलेल्या उमेदवाराच्या मतदारांचं वजन जिंकलेल्याच्या खिशात जातं. बसपच्या बाबतीत हे मी दोषारोप म्हणून सांगत नाही, सगळ्याच पक्षांना हा फायदा आलटून पालटून मिळतो.

आता आपल्याकडची बाजू. शिवसेना तेव्हा भाजपबरोबर, आणि भाजपच्या बाजूनं भैरोंसिंह शेखावत उभे. पण बाळासाहेबांनी सांगितलं, मराठी बाई राष्ट्रपती होतेय, मत तिला. युती मोडली नाही, मत मात्र दुसरीकडे गेलं. पक्षादेशाचं बंधन नसल्यामुळे अशी मोकळीक पक्षांनाही मिळते. शिवसेनेनं ती २०१२ साली प्रणव मुखर्जींसाठी आणि २०२२ साली द्रौपदी मुर्मूंसाठी पुन्हा वापरली. प्रतिभाताईंना ६,३८,११६ मतं मिळाली, शेखावतांना ३,३१,३०६. जळगावची लेक देशाची पहिली महिला राष्ट्रपती झाली, त्यात मुंबईच्या मराठी अभिमानाइतकाच लखनौच्या दलित राजकारणाचाही हात होता. आपल्याकडे पहिला भाग नेहमी सांगतात, दुसरा राहून जातो.

इथे अमेरिकेचं नाव काढावंच लागतं, कारण 'इलेक्टोरल कॉलेज' म्हटलं की लोकांना तीच आठवते. तिथे ५३८ मतं, जिंकायला २७०, आणि दोन राज्यं सोडली तर ज्याला राज्यात एक मत जास्त त्याला राज्याची सगळी मतं. म्हणून २००० आणि २०१६ साली देशभरात कमी मतं मिळालेला उमेदवार अध्यक्ष झाला. आपल्याकडे राज्य एकगठ्ठा जात नाही. लखनौतले ४०३ जण आपापलं मत देतात, ८३,८२४ ची फाळणी होते. ही आपली व्यवस्था अमेरिकेहून बरी. पण अमेरिकेचा मतदार निदान अध्यक्षाचं नाव बघून मत देतो. आपला मतदार वॉर्डातल्या गटाराचा विचार करत बटण दाबतो आणि त्यातून राष्ट्रपती निघतो.

आता ती खोट. उत्तर प्रदेशाची लोकसंख्या या सूत्रात ८ कोटी ३८ लाख का? कारण ती १९७१ च्या जनगणनेची आहे. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीनं आकडे गोठवले, २००० पर्यंत. हेतू असा होता की कुटुंब नियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांना त्याची शिक्षा होऊ नये, माणसं कमी म्हणून वजन कमी असं होऊ नये. पुढे ८४ व्या दुरुस्तीनं मुदत वाढवली: २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ च चालू. म्हणजे २०२२ साली टिळक हॉलमध्ये पडलेलं प्रत्येक मत एकावन्न वर्षांपूर्वीच्या माणसांच्या नावानं पडलं.

गोठवलेले आकडे वितळले तर काय होईल? २०११ ची जनगणना घेऊन मी हिशेब केला, तुम्हीही करू शकता. उत्तर प्रदेशाचा आमदार २०८ वरून ४९६ वर जातो. महाराष्ट्राचा १७५ वरून ३९० वर. तामिळनाडूचा आमदार १९७१ च्या हिशेबात आपल्यापेक्षा एका मतानं वरचढ आहे, १७६. नव्या हिशेबात तो ३०८ वर थांबतो, आपल्या कितीतरी मागे. केरळचा १५२ वरून २३९ वर. उत्तर प्रदेश जवळजवळ अडीचपट, केरळ दीडपटीच्या थोडं वर. यात महाराष्ट्र फायद्यात दिसतो, म्हणून आपल्याकडे या प्रश्नाची धग जाणवत नाही. पण आपल्या वाढलेल्या आकड्यात उत्तर प्रदेशातून आणि बिहारमधून मुंबई-ठाण्यात आलेली माणसंही मोजलेली आहेत, हे ध्यानात असू द्या.

गोठवणं अन्यायाचं की वितळवणं अन्यायाचं? माझ्यापुरतं सांगतो. माणूस मोजायचा तर आज जिवंत असलेला मोजावा, या बाजूचा मी आहे. तरी ज्या केरळनं शाळा आणि दवाखाने चालवून जन्मदर खाली आणला, त्याला 'तुमचं वजन कमी झालं' असं कुठल्या तोंडानं सांगायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. वजनाचा असा प्रश्न लखनौनं आधीही पाहिलाय. १९१६ च्या डिसेंबरात लोकमान्य याच शहरात काँग्रेसच्या अधिवेशनाला आले होते, सुरतच्या फुटीनंतर पहिल्यांदा. मुस्लिम लीगशी करार झाला, त्यात इथल्या चौदा टक्के मुसलमानांना तीस टक्के जागा, आणि बंगालात निम्म्याहून जास्त असलेल्यांना चाळीसच. मदन मोहन मालवीयांचा विरोध होता. टिळकांनी करार उचलून धरला, कारण त्यांना इंग्रजांसमोर एकत्र उभं राहायचं होतं. डोकी किती आणि वजन किती, हे दोन हिशेब तेव्हाही वेगळे होते, आणि त्या कराराचे पुढचे परिणाम आपल्याला माहीत आहेत.

पुढचं वेळापत्रक असं आहे. उत्तर प्रदेशाच्या विधानसभेची मुदत २०२७ च्या पूर्वार्धात संपते. जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. राष्ट्रपती मुर्मूंचा कार्यकाळ २०२७ च्या जुलैत संपतो. जनगणनेचे अंतिम आकडे तोवर प्रसिद्ध होण्याची शक्यता कमी, त्यामुळे सध्याची तरतूद बदलली नाही तर टिळक हॉलमध्ये त्या जुलैतही मत २०८ चंच पडेल, बहुधा शेवटचं. मलिहाबादपासून मोहनलालगंजपर्यंत लखनौ जिल्ह्यातले मतदार त्याआधी काही महिने नऊ आमदार निवडतील. प्रचारसभांत राष्ट्रपतीचं नाव निघतंय का, तेवढं ऐकून ठेवा.

पुढच्या भागात राज्यपाल. भेटू.